पहिला हात साडभाऊंचा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले, तरी बावन्नच्या बावन्न पानं चटईवर उघडी मांडून पोकर खेळणारा आणि तरीही कधीच न हरणारा माणूस एकच सापडेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, हे नातं मोठं चमत्कारिक. त्यात निवडीला वाव नसतो. बायको पसंत पडली की तिच्यामागून साडभाऊ आपोआप पदरात पडतो, आणि मग जन्मभर दिवाळीला, बारशाला आणि तेरवीला त्याच्या शेजारी बसावं लागतं. माझ्या पदरात पडलेले हे गृहस्थ बुटके, गोल, कानांवर भरपूर केस असलेले आणि डोक्यावर मुळीच नसलेले असे आहेत. सदऱ्याच्या खिशात एक वेळ चष्मा नसेल, रुमाल नसेल, पण पत्त्यांचा जोड असणारच. बाकीची मंडळी रमी खेळतात, तीन पत्ती खेळतात, पानं छातीशी धरून एकमेकांकडे संशयानं बघतात. साडभाऊंना ते बघवत नाही. "लपवून तं कोणीबी जिकते, मास्तर," ते मला ऐकवतात, "उघडं ठेवून जिकून दाखवा." मी ब्रह्मपुरीला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, म्हणून मी मास्तर. पैसा ते कधी लावत नाहीत. पैसा लावला की माणूस पानांकडे बघायचं सोडून पैशाकडे बघायला लागतो आणि खेळ नासतो, असं त्यांचं मत आहे.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती मी मुलगी बघायला गेलो त्या दिवशी. मुलगी अजून आत होती. पोहे खाऊन झाले होते, सासरे होऊ घातलेले गृहस्थ आमच्याकडच्या धानाची चौकशी करून थकले होते, आणि सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. तेवढ्यात घरचे थोरले जावई म्हणून कोपऱ्यात बसलेला हा माणूस पुढे सरकला आणि त्यानं माझ्यापुढे सतरंजीवर बावन्न पानं चार ओळींत मांडली. "घ्या," ते म्हणाले, "कोणतेबी पाच घ्या. तुमाले पाह्यजे ते." नियम त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मी पाच पानं उचलायची, मग उरलेल्यांतून त्यांनी पाच उचलायची. मग मला एकदा पानं बदलायची मुभा, नको ती टाकायची आणि सतरंजीवरची दुसरी घ्यायची. मग तीच मुभा त्यांना. टाकलेली पानं बाद. ज्याचा हात मोठा तो जिंकला. "आन् बरोबरी झाली तं मागच्याचा डाव," हे शेवटचं त्यांनी जरा हळूच सांगितलं, आणि मी ते कानाआड केलं.

पोकरमध्ये एकाच जातीची ओळीनं पाच पानं म्हणजे सगळ्यांत भारी हात, चार सारखी पानं त्याच्या खाली, आणि ओळीतही एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी ही ओळ लागली की तिच्यावर कुणीच नाही, एवढं मला वसतिगृहात राहिल्यापासून माहीत होतं. मनात म्हटलं, या जावयाला डोकं दिसत नाही. मी इस्पिकची ती पाच पानं ऐटीत उचलली. त्यांनी शांतपणे बदामची तीच पाच उचलली. "बरोबरी," ते म्हणाले, "मागच्याचा डाव." पुढचा डाव त्यांनी पहिल्यांदा खेळायचं ठरलं. त्यांनी चार दश्श्या उचलल्या आणि पाचवी म्हणून एक फडतूस दुर्री. मी पुन्हा इस्पिकच्या एक्क्याकडे हात नेला आणि हात हवेतच राहिला, कारण दश्शीशिवाय ती ओळ पुरी होणार कशी? मग मी चार एक्के घेतले. त्यांनी बदामची दश्शी तेवढी ठेवली, बाकीची टाकली, आणि तिच्या अंगाला बदामचाच राजा, राणी, गुलाम आणि नव्वी आणून लावली. माझे चार एक्के तोंड पाडून बसले. मी मनातल्या मनात पानं बदलून पाहिली, पण चारही दश्श्या गेल्यामुळे माझी ओळ नव्वीच्या वर चढेना. आतून दाराआडून सगळं बघत असलेल्या सासऱ्यांच्या आईनं तिथंच निकाल दिला, "पोरगा साधा हाये. देऊन टाका." माझं लग्न ठरलं ते असं, दोन डाव हरल्यामुळे.

आता कुणीही म्हणेल, पानं उघडी, चाल उघडी, मग चार दश्श्या आपणही उचलाव्यात. मीही तेच म्हटलं. पुढच्याच दिवाळीला चंद्रपूरला त्यांच्या घरी जाऊन मी सतरंजीवर बसता बसता जाहीर केलं, की पहिला हात माझा. साडभाऊ हसले. "ज्याचं घर त्याची पाळी," ते म्हणाले, आणि दश्श्या त्यांनी उचलल्या. महिन्याभरानं ते ब्रह्मपुरीला आमच्याकडे आले. मी म्हटलं, आज घर माझं आहे. तर म्हणतात, "पाहुण्याले पयले इचारत नाई काय तुमच्या इकडे?" दश्श्या पुन्हा त्यांच्या. एकदा मी मुद्दाम बसस्टँडच्या बाकावर डाव मांडायला लावला, ना घर त्यांचं ना माझं. तेव्हा त्यांनी माझं वय विचारलं. जो कुणी नवा, अजाण माणूस भेटेल त्याला मात्र ते आग्रहानं पहिला हात देतात, तो हटकून एक्का-राजा-राणीवर झडप घालतो आणि बरोबरीत मरतो. किती वर्षं गेली त्यात माझी, तेव्हा कुठे उमगलं की हा माणूस पत्ते खेळतच नाही. तो पाळी खेळतो. कोण आधी आणि कोण मागून, एवढं ठरलं की त्याच्या लेखी डाव संपलेला असतो, पानं आपली उगाच चटईवर पडून असतात.

हे वेड त्यांना नोकरीत लागलं. एका लाकूड डेपोत लिलावाचा पुकारा करायची त्यांची नोकरी होती. सागाचे ओंडके मैदानात रांगेनं मांडलेले, प्रत्येकावर नंबर, लांबी, गोलाई रंगवलेली. व्यापाऱ्यांनी यावं, ठोकून पाहावं, वास घ्यावा, आतून पोकळ आहे का बघावं. कुणापासून काही लपलेलं नाही. तरी एक जण मनासारखा माल घेऊन जायचा आणि दुसरा हात चोळत बसायचा. "काऊन?" साडभाऊ मला विचारतात, आणि मी उत्तर देणार नाही याची खात्री असल्यामुळे स्वतःच सांगतात, "बोलाची पाळी. जो घाईनं पयले बोलला तो फसला, जो लय मागून बोलला तो राह्यला." एकदा लिलाव एक दिवस पुढं ढकलला गेला आणि अडकून पडलेले चार व्यापारी विश्रामगृहात पोकर खेळायला बसले. तरुण साडभाऊ त्यांच्या पाठीमागे उभे. त्यांना चौघांचीही पानं दिसत होती, तरी कोण जिंकणार ते शेवटपर्यंत सांगता येईना. त्या दुपारी त्यांनी ठरवलं की पानं लपवणं हा निव्वळ फालतूपणा आहे, खरी गोम दुसरीकडेच आहे. आमच्या नातेवाइकांचं सुख त्या दुपारी संपलं, असं बायको म्हणते.

कारण ही पाळी चटईपुरती राहिली नाही. लग्नाच्या पंगतीला ते पहिल्या पंगतीत कधीच बसत नाहीत. पहिल्या पंगतीत वरणाला मीठ किती ते वाढप्यांना कळतं, दुसरीत ते सुधारतं आणि तिसरीत वांग्याची भाजी संपते, हा त्यांचा सिद्धान्त. स्वतःच्या मेहुणीच्या, म्हणजे माझ्याच लग्नात, व्याही मंडळी हात धरून ओढत असताना ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले होते. लोकांना वाटलं, थोरले जावई रुसले. सासऱ्यांनी टोपी काढून पायावर ठेवायची तयारी केली, तेव्हा यांनी कानात सांगितलं, "रुसलो नाई, मामाजी. मीठ पाहून राह्यलो."

एसटीत ते सगळ्यांत मागून चढतात. मागून चढणारा दाराशी राहतो, दाराशी राहणारा आधी उतरतो. ब्रह्मपुरीहून चंद्रपूरपर्यंत सिंदेवाही, मूल अशी गावं करत हा माणूस दाराचा दांडा धरून उभा असतो, आणि बाई, म्हणजे माझी मेहुणी, खिडकीशी बसून आरामात झोप काढत येतात. चंद्रपूर आलं की साडभाऊ विजयी मुद्रेनं सगळ्यांत आधी खाली उड्डाण करतात आणि मग बाई उतरेपर्यंत दहा मिनिटं पिशव्यांची वाट बघत स्टँडवर उभे राहतात. जंगलातल्या वाटेवर त्यांचा हिशेब आणखी वेगळा. "साप पुढच्याले चावते, वाघ मागच्याले उचलते," ते म्हणतात, "मनून शहाण्यानं मधात चालावं." तिघं असू तर ठीक असतं. एकदा आम्ही दोघंच होतो. नाल्यापलीकडच्या देवळात जायचं होतं, आणि दोघांत मधला कोण हे काही केल्या ठरेना. मोहाच्या झाडाखाली आम्ही अर्धा तास उभे होतो. शेवटी डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली, तिनं आम्हाला "हटा ना बा" म्हटलं आणि सरळ पुढे गेली. साडभाऊ चटकन तिच्यामागे लागले आणि मला हातानं मागे यायची खूण केली. शेवटचा मी होतो, हे घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही.

या माणसाबरोबर संसार करणं सोपं नसणार. पातेल्यातला वरचा चहा त्यांना फिका लागतो आणि तळचा कडू, म्हणून बाईंनी आधी पाहुण्याचा, मग त्यांचा आणि मग स्वतःचा कप भरायचा. पाहुणा नसेल तर पंचाईत. "इतके वर्स झाले," बाई एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "पण ह्यायच्या घरात चहा आधी कोणाले द्याचा, हे मले अजून समजलं नाई." हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्यावर कुणाला चिडताच येत नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात रात्रपाळीला कोण थांबणार हे ठरायच्या आत हा माणूस चटई आणि पत्ते घेऊन येऊन बसला होता. तेव्हा त्यांनी पाळी विचारली नव्हती. हे मी कधी त्यांना बोलून दाखवलेलं नाही, पण विसरलेलोही नाही.

त्यांना एक धाकटा भाऊ आहे. उंच, वाळलेला, खांद्यावर कायम दुपट्टा, आणि दिवसाला दहा शब्द बोलणार. साडभाऊ नोकरीसाठी चंद्रपूरला गेले आणि हा गावी, वैनगंगेकडच्या आपल्या शेतावर राहिला. धान करतो, बैल सांभाळतो, आईवडिलांचं म्हातारपण त्यानंच काढलं. तरुणपणी मोठ्या भावानं शिकवलेला उघडा पोकर हा एकच खेळ त्याला येतो, आणि त्यात तो अर्थातच एकदाही जिंकलेला नाही. दर भेटीत तो एकदा तरी म्हणणार, "दादा, एकखेप पयला हात मले दे ना." आणि साडभाऊ म्हणणार, "मोठा कोण हाये, बाबू?" असं चाळीस वर्षं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. आई आधीच गेली होती. भावाभावांत वाकडं काही नव्हतं, पण पुढं पोरांत नको म्हणून आपल्या हयातीतच वाटण्या करून टाकाव्यात असं ठरलं. अशा वाटणीची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. वाटे मोठ्या भावानं पाडायचे आणि आधी उचलायचा धाकट्यानं. पाडणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्याला उरलेला मिळणार, म्हणून तो लबाडी करत नाही. साडभाऊ हे सांगायला मुद्दाम ब्रह्मपुरीला आले, पण त्या दिवशी त्यांनी खिशातून जोड काढला नाही. त्यांनी सात-बाराचा उतारा आणि एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"मास्तर, तुमी भूगोलवाले. नकाशा काढून द्या. दोन्ही वाटे दिसाले बरोबर दिसले पाह्यजे."

"आणि असायला?"

"असाले वरचा बरा पाह्यजे."

त्यांनी समजावून सांगितलं. शेताच्या वरच्या अंगाला बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी पुरवणारं छोटं तळं. तिच्यालगतच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, काळ्याभोर मातीच्या. खाली उतरत गेलं की जमीन बरड होत जाते आणि पाणी शेवटी पोचतं, कधी पोचतही नाही. खालच्या वाट्यात दोन बांध्या जास्त टाकल्या की कागदावर सगळं बरोबर दिसणार होतं. "बाबूचं पोट शेतावर हाये, माहं पेन्शनीवर," साडभाऊ म्हणाले. "सरळ देतो मनलं तं तो घेत नाई. लय मानी हाये. पण आता पाळी त्याची हाये ना? त्याले माती समजते. तो वरचाच उचलन. उरला तो मी घेईन. कोणाचा उपकार नाई, कोणाले बोलाची सोय नाई." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की जन्मभर जे शिकलो ते याच एका डावासाठी, असं त्यांना वाटत असावं. मी नकाशा काढून दिला. इतकं मन लावून मी वर्गातही कधी नकाशा काढलेला नाही.

वाटणीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बोडीच्या बांधावरच्या आंब्याखाली जमलो. गावातले चार जाणते लोक आले होते. दोघी जावा घरी स्वयंपाकाला लागल्या होत्या. साडभाऊंनी दोन्ही वाट्यांतलं एकेक ढेकूळ आणून सागाच्या दोन पानांवर ठेवलं, एक काळं, एक तांबूस, आणि लिलावाच्या खणखणीत आवाजात दोन्ही वाट्यांच्या सीमा पुकारल्या. मग म्हणाले, "उचल, बाबू."

धाकटा उकिडवा बसला. दोन्ही ढेकळांकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग उठून उभा राहिला.

"तू उचल पयले, दादा."

"अबे, धाकट्यानं उचलाचं असते."

"असन. मी नाई उचलत."

तास झाला, दीड तास झाला. लोकांनी समजावलं, रागावून पाहिलं. घरून दोनदा निरोप आला की भात थंड होतोय. धाकटा जागचा हलेना, साडभाऊ रीत सोडायला तयार होईनात. शेवटी त्या चौघांतले एक म्हातारे तपकीर ओढत म्हणाले, "त्याचं बरोबर हाये बा. ह्या माणसापुढे पयले हात घालून कोण वाचलं आजपर्यंत?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. साडभाऊ हसले नाहीत. चाळीस वर्षांत जिंकलेले सगळे डाव एकदम अंगावर आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, माह्या भावाले माहा भरोसा नाई." त्यांच्यावर हसल्याची लाज वाटली.

मग त्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. भावाच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, आंब्याखाली पसरला आणि त्यावर बावन्न पानं चार ओळींत मांडली.

"बस, बाबू. आज पयला हात तुहा."

धाकट्याला खरं वाटेना. तो आमच्या तोंडाकडे पाहत खाली बसला. मग त्यानं एकेक करून दश्श्या उचलल्या, इस्पिकची, बदामची, चौकटची, किलवरची, आणि पाचवं पान कोणतं घेतलं ते त्यानं पाहिलंही नाही. साडभाऊ उरलेल्या पानांवर वाकले. सोडून द्यायलाच ते बसले होते, पण स्वभाव जातो कुठे. चांगली पाच मिनिटं त्यांनी खरोखर वाट शोधली. मग हात जोडले. "हरलो बा. पाह्यलं ना सगळ्यायनं? हरलो मी." आणि भावाकडे वळून, अगदी विनवणीच्या सुरात, "आता तं उचलशीन?"

"आता उचलतो," धाकटा म्हणाला. तो उठला, धोतराला हात पुसले, आणि वाकून त्यानं तांबूस ढेकूळ उचललं.

"अबे! तो नोको!" साडभाऊ ओरडले. "अबे, तो खालचा हाये!"

"खालचा हाये, मालूम हाये मले. तीस वर्स नांगर मारला म्या त्याच्यात." धाकट्यानं ढेकूळ छातीशी धरलं होतं. "तू वरचा मले द्याले बसला होता. समजत नाई काय मले? मनून तं उचलत नव्हतो."

"मंग आता काऊन उचलला?"

"मंगाशी रीत उचलाले लावत होती. आता पयला हात तू देला ना मले? मंग माह्या मनानं उचलीन का तुह्या मनानं?"

साडभाऊंनी चौघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या नकाशाकडे पाहिलं. "आन् पाणी?" ते कसेबसे म्हणाले. "पाणी कुठून येईन तुले?"

"वरून येईन. वर तू हायेस ना," धाकटा म्हणाला. "मंग मले कायची फिकीर?"

त्या दिवसाचे दहा शब्द त्याचे केव्हाच संपले होते. ढेकूळ तसंच घेऊन तो जेवायला घराकडे निघाला. म्हाताऱ्यांनी तपकिरीची डबी बंद केली आणि उचलला तो उचलला, असं सांगून टाकलं. साडभाऊ दुपट्ट्यावरच्या पानांशेजारी बसून राहिले. मी गोळा करून जोड त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी खिशात घातला नाही, नुसता धरून ठेवला. "एका दिवसात दोनदा हरलो, मास्तर," ते म्हणाले आणि दुपट्ट्यानं डोळे पुसायला लागले. ऊन लागतंय, असंही म्हणाले, पण आम्ही सावलीत होतो.

यंदा रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत मी मुद्दाम दोन दिवस त्यांच्या गावी गेलो होतो. साडभाऊ आता पावसाळाभर तिथंच राहतात. नांगर त्यांना धरता येत नाही, त्यांचा वरचा वाटाही भाऊच करतो. हे फक्त बोडीच्या तोंडाशी बसतात आणि पाणी आधी खालच्या बांध्यांत सोडतात, वरच्यांना मागून. मी पोचलो तेव्हा रोवणाऱ्या पंधरा-वीस बाया पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत चिखलात खोळंबून उभ्या होत्या. बांधावर दोघे भाऊ भांडत होते. रोवणा आधी कुणाच्या बांधीत लागायचा, हे भांडण होतं. "तुह्या लागन आधी," मोठा म्हणत होता. "नाई, आधी तुह्या," धाकटा म्हणत होता. दोघेही मागे हटत नव्हते. अर्ध्या तासानं एक बाई वैतागून म्हणाली, "अवं, आमी काय संध्याकाळवरी उभ्या राहाव काय?" आणि तिनं समोर होती त्याच बांधीत पहिली जुडी रोवली. ती बांधी कुणाची होती ते मला बाहेरच्याला सांगता आलं नसतं.

मी बांधावर उभा राहून ते पाहत होतो. मी एकुलता एक. वडील गेले तेव्हा जे काही होतं ते सगळं माझ्याच नावावर झालं. कुणी वाटे पाडले नाहीत, आणि तू आधी उचल, असं म्हणायलाही कुणी नव्हतं. इतकी वर्षं त्यात मी माझं नशीब मानत आलो होतो. त्या दिवशी मात्र मला त्याचं फार वाईट वाटलं.